घसा न फोडता ओरडण्याची गोष्ट

शनिवार सकाळ, चहाचा दुसरा कप, आणि सोमवारच्या रिलीजचा विचार डोक्यातून हाकलण्याचा कार्यक्रम चालू आहे. मग काय, वीकांताचा लेख! आजचा विषय जरा कानठळ्या बसवणारा आहे, तेव्हा नाजूक कानांच्या मंडळींनी सांभाळून घ्यावं. विषय आहे डेथकोअर. म्हणजे ते संगीत, जे आमच्या घरात पहिल्यांदा वाजलं तेव्हा शेजारच्या काकांनी बेल वाजवून विचारलं होतं, "घरात कुणाला काही होतंय का रे?"

तुम्ही म्हणाल, ह्या आरडाओरड्याला कसला आलाय इतिहास? आहे, आणि चांगला भरभक्कम आहे. मला त्याची गोडी लागली ती मात्र गाण्यामुळे नाही, आईच्या घशामुळे. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

साल २००६. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. राहायला तेव्हाही शीवलाच, दोन खोल्यांत. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. एका मित्राने सीडी बर्न करून दिली, त्यात 'जॉब फॉर अ काउबॉय' नावाच्या अमेरिकन बँडची 'डूम' ही ईपी होती. (नाव काउबॉयचं, आवाज रेड्याचा!) ऐकलं आणि ठरवलं, आपणही हे करायचं. आता दोन खोल्यांत असला आवाज काढणार कुठे? बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडायचा, तोंडावर टॉवेल धरायचा आणि सुरू. तीन दिवस सराव केला. चौथ्या दिवशी तोंडातून फक्त हवा!

आईचा आवाज तर कित्येक वर्षं बसलेलाच असायचा. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत जरा मोकळा व्हायचा, शाळा सुरू झाली की पुन्हा घोगरा. ती म्हणाली, "माझा बसलाय तो नोकरीने. तुझा कशाने बसला?" खरं सांगायची सोय नव्हती आणि सांगायला आवाजही नव्हता. तिने धरून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी माझी जीभ बाहेर ओढून आत आरसा घातला. सूज आहे म्हणाले, आठवडाभर मौन. मग निघताना आई कायतरी दोन वाक्यं बोलली, तर त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, आता तुम्ही बसा खुर्चीत." तिच्या दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक गाठी निघाल्या. चप्पल चावून चावून पायाला घट्टा पडतो ना, तसला प्रकार. साठ मुलांचा वर्ग, खिडकीबाहेर ट्रकचे हॉर्न, आणि वीस वर्षं त्याच्या वर चढवलेला आवाज. शिक्षकांना, फेरीवाल्यांना हे हमखास होतं म्हणे.

म्हणजे मी तीन दिवसांत आणि तिने वीस वर्षांत एकच चूक केली होती. दोघंही घसा फोडून ओरडलो होतो. मग सीडीतला तो माणूस? तो दौऱ्यावर रोज रात्री असा ओरडतो आणि दुसऱ्या दिवशी मुलाखतीत व्यवस्थित बोलतो. हे कसं काय? डेथकोअरचा इतिहास माझ्यासाठी ह्या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

आधी हार्डवेअर समजून घेऊ. (अवांतर: घशात आरसा घालून बघायची पद्धत रुळली ती एका गाण्याच्या मास्तरामुळे. मॅन्युएल गार्सिया हा मूळचा स्पॅनिश गायनशिक्षक. १८५४ साली त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते मांडलं.) तर घशात खरे स्वरतंतू दोन. बोलणं, गाणं सगळं त्यांच्या थरथरण्यावर. पण त्यांच्या थोडं वर आणखी दोन मांसल घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. बोलताना त्यांचं काही काम नसतं. भरलेला गॅस सिलिंडर उचलताना आपण 'हुंऽ' करून दम कोंडतो, तेव्हा ते जवळ येतात. घास गिळताना येतात. एरवी आपले बाजूला पडून.

आता डेथकोअरवाल्यांच्या मुख्य युक्त्या दोन. पहिली 'फॉल्स कॉर्ड'. छातीपोटातून भरपूर हवा सोडायची आणि ह्या खोट्या घड्या त्या हवेवर फडफडू द्यायच्या. आवाज येतो तो गुहेतून आल्यासारखा, रुंद आणि खोल. दुसरी 'फ्राय'. सकाळी उठल्या उठल्या 'हं' म्हणताना गंजक्या बिजागरीसारखी करकर येते बघा, तीच करकर पोटातल्या दाबाने वाढवायची. ह्यातून टोकदार, किंचाळी-छापाचा आवाज निघतो. दोन्हींत मेख एकच. खरे स्वरतंतू एकमेकांवर आपटायचे नाहीत. मी बाथरूममध्ये नेमकं तेच करत होतो, आणि आई वर्गात.

बाकीचे प्रकार म्हणजे ह्याच दोघांवरच्या करामती. 'पिग स्क्वील' म्हणजे डुकराची किंकाळी. ती जिभेने तोंडातली जागा अरुंद करून काढतात. सुरुवातीला पुष्कळ जण ती श्वास आत ओढून काढत, पण त्याने घसा कोरडा पडतो. अनुभवी लोक श्वास सोडतानाच काढतात. अगदी खोल गुर्रगुर्र, तिला 'गटरल'. आणि माइकची जाळी मुठीत धरून गाणं, ती वेगळीच लबाडी! जाळी झाकली की माइकची दिशा पकडण्याची क्षमता जाते, खालचे-मधले सूर फुगतात आणि आवाज आहे त्यापेक्षा जाडजूड वाटतो. साउंडवाला मात्र शिव्या घालतो, कारण स्पीकर शिट्टी मारायला लागतात. आणखी एक गोष्ट ऐकून मी उडालोच होतो. ही गुरगुर माइकशिवाय ऐकली तर त्या मानाने फारशी मोठी नसते. मोठं करायचं काम यंत्राचं, गायकाने फक्त पोत द्यायचा.

हे काही पाश्चात्त्य पोरांनी शून्यातून शोधलं असंही नाही. तुवा प्रांतातल्या गायकांच्या 'कारगिरा' ह्या प्रकारात खोटे स्वरतंतू खऱ्यांच्या निम्म्या वेगाने हलतात आणि सूर एक सप्तक खाली ऐकू येतो. तिबेटी भिक्षूंचं खोल मंत्रपठणही ह्याच जातीतलं. आपल्याकडे भल्या पहाटे खर्ज भरतात, त्यातही शेवटी धीर हाच की सर्वात खालच्या सुरावर जोर न लावता टिकून राहायचं.

पण मग विसाव्या शतकाच्या शेवटी ही गुरगुर रॉकमध्ये आली कशी? १९८५ ला 'पझेस्ड' ह्या बँडचा 'सेव्हन चर्चेस' आला, १९८७ ला 'डेथ' ह्या बँडचा 'स्क्रीम ब्लडी गोर'. इथून डेथ मेटल धरतात. त्याच १९८७ मध्ये इंग्लंडात 'नेपाम डेथ'चा 'स्कम' आला. १९९१ ला न्यूयॉर्कच्या 'सफोकेशन'ने 'इफिजी ऑफ द फरगॉटन' काढला आणि गायक फ्रँक मलनचा आवाज पार तळघरात गेला. दुसरीकडे त्याच न्यूयॉर्कच्या हार्डकोअर पंक मंडळींकडे 'ब्रेकडाउन' होता. म्हणजे गाणं भन्नाट वेगात चाललेलं असताना अचानक लय निम्म्यावर आणायची, गिटार ठोके मोजून हाणायची, आणि समोरच्या गर्दीने अंगात आल्यासारखं नाचायचं.

आमच्या भाषेत सांगायचं तर ह्या दोन ब्रँच होत्या आणि २००० नंतर त्यांचा मर्ज झाला. तो मर्ज म्हणजे डेथकोअर. डेथ मेटलचा आवाज, हार्डकोअरचा ब्रेकडाउन. माँट्रिऑलचा 'डिस्पाइज्ड आयकन' आणि कॅलिफोर्नियाचा 'सुइसाइड सायलेन्स', दोन्ही २००२ चे. मायस्पेसवर गाणी चकटफू ऐकायला मिळू लागली आणि २००५ च्या 'डूम'सारख्या ईपी घरोघर पोचल्या (पार आमच्या बाथरूमपर्यंत!). २००७ ला सुइसाइड सायलेन्सचा 'द क्लेन्सिंग', २००८ ला 'व्हाइटचॅपल'चा 'धिस इज एक्झाइल'. जुने डेथ मेटलवाले नाकं मुरडत होते, पोरासोरांची फॅशन म्हणून हिणवत होते.

मर्ज झाला की कॉन्फ्लिक्ट येतातच, आणि इथला सगळा भार पडला गायकावर. डेथ मेटलचा गायक बहुतेक एका पट्टीत गुरगुरायचा, शिवाय गिटारींचा धो धो पाऊस असल्याने झाकून जायचा. ब्रेकडाउनमध्ये लपायला जागाच नाही. सगळं थांबतं, दोन ठोक्यांच्या मध्ये मोकळी पोकळी, आणि त्यात एकच लांबलचक गुरगुर धरून ठेवायची. तिथे श्वास कमी पडला की लगेच उघडं पडतं. त्यात लोकांना तळापासून टोकापर्यंत सगळे आवाज हवेत, एकाच ओळीत. तेव्हा नुसत्या रागावर भागेना, तंत्र लागायला लागलं. काहींनी काम वाटून घेतलं. डिस्पाइज्ड आयकनकडे दोन गायक होते. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात, एकाने दम घेतला की दुसरा उचलतो, साधारण तसं.

आता मुंबईत या. आपल्या शहरातही दोन गायकांचा एक बँड झाला, त्याचं नाव 'भयानक मौत'. २००३ ला सुरू झाला. विनय वेंकटेश आणि सुनीत रेवणकर असे दोघं पुढे. त्यांना कुणी डेथ मेटल म्हणतं, कुणी डेथकोअर. ह्या वादात तुम्ही पडा, मी नाही. २००९ ला बँडच्याच नावाचा अल्बम आला, २०१४ ला 'मॅन'. 'स्क्राइब' हा हार्डकोअरकडे झुकणारा बँड, २००८ ला 'कन्फेक्ट', गायक विश्वेश कृष्णमूर्ती. आमच्या घरापासून षण्मुखानंद सभागृह चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ही नावं नुसती वाचली तर तिथल्या कर्नाटक संगीताच्या कार्यक्रमपत्रिकेत सहज खपून जातील! ब्रूटल डेथ मेटलवाल्या 'गटस्लिट'चा गायक तर आदित्य बर्वे. आडनाव ऐकून आमच्या आत्याने "कुठले बर्वे?" असं विचारलं होतं.

त्यांच्याही आधी २००० साली साहिल मखिजाने 'डेमॉनिक रेझरेक्शन' काढला. गुरगुर, साधा गळा आणि कीबोर्ड असं त्याचं मिश्रण. ह्या बँडचा २०१७ चा अल्बम आहे 'दशावतार', मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गाणी. मी तो ऐकला तेव्हा आजोळी कोकणात पाहिलेला दशावतार आठवला. रात्री दोनला राक्षस येतो, त्याचा तो घोगरा हुंकार, आणि आईच्या मांडीत तोंड लपवलेली पोरं. तोच नट सकाळी टपरीवर साध्या आवाजात चहा मागायचा. तेव्हा त्याचं आश्चर्य वाटलं नव्हतं.

ही सगळी मंडळी आली ती वाईट वेळी. मुंबईच्या रॉकचं देऊळ म्हणजे धोबीतलावचं रंगभवन. फरहाद वाडियांनी १९८६ ला सुरू केलेलं 'इंडिपेंडन्स रॉक' तिथे गाजलं. पण २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, कोर्ट ह्यांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनच्या एका बाजूला झेवियर्स आणि आसपास रुग्णालयं, त्यामुळे तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद झाले. म्हणजे शहरातला सर्वात कर्कश आवाज तयार होत होता तेव्हाच त्याचं अंगण गेलं. (रुग्णांच्या बाजूने विचार केला तर नियम चूक नव्हता, हेही लिहून ठेवतो.) मग कार्यक्रम जुहूच्या 'रॅझबेरी ऱ्हायनोसरस'मध्ये. शीवहून दादर, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे, सांताक्रूझ, मग बस. येताना शेवटची गाडी चुकायची भीती, त्यामुळे मुख्य बँडची शेवटची दोन गाणी मी आयुष्यात कधी ऐकलेली नाहीत.

२००७ ला लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये 'ब्लू फ्रॉग' निघालं आणि २०१६ ला बंद झालं. तिथेही मेटल वाजायचं. मला तिथे दर वेळी गंमत वाटायची. हा सगळा भाग गिरणगाव. १९४४ ला अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा ह्याच चाळींतून हजारो कामगारांपुढे डफाच्या साथीने आवाज लावायचा होता. अमर शेखांचा 'पहाडी आवाज' हा शब्दप्रयोग आमच्या आजोबांच्या तोंडी कायम असायचा. तो आवाज स्वच्छ, हा मुद्दाम मळवलेला. पण दोन्हींच्या मुळाशी पोटातून आलेला श्वास आणि शिस्त. नुसता घसा असता तर शाहीर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीपर्यंत पोचलेच नसते.

तर पुन्हा २००६ कडे. डॉक्टरांनी आईला आवाजाच्या थेरपीसाठी पाठवलं. तिथे एक छापील कागद मिळाला, तो आमच्या फ्रिजवर चिकटवला. साधारण त्याच सुमाराला माझ्या हाती मित्राच्या हार्ड डिस्कवरून 'द झेन ऑफ स्क्रीमिंग' पडलं. न्यूयॉर्कची गायनशिक्षिका मेलिसा क्रॉस हिची ही २००५ ची डीव्हीडी. ही बाई चक्क किंचाळणाऱ्या गायकांची मास्तरीण. 'लॅम्ब ऑफ गॉड'चा रँडी ब्लाइथ, 'आर्च एनिमी'ची अँजेला गोसो अशी तिची शिष्यमंडळी. आधी पोटाने श्वास, मग हलका गुणगुणून गळा तापवायचा, मान-जबडा सैल, आणि मग आवाज.

मी वहीत टिपणं काढली आणि पाणी प्यायला उठलो. फ्रिजवरचा कागद समोर. पोटाने श्वास घ्या. बोलण्याआधी 'म्ऽऽ' करून गळा तापवा. मान आणि जबडा सैल ठेवा. पाण्याचे घोट घेत राहा. दुखलं की थांबा. महापालिकेच्या शाळेतल्या बाईंचा कागद आणि सैतानाच्या आवाजात गाणाऱ्या लोकांची वही, दोन्हींत जवळपास सारखाच मजकूर!

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघंही रोज सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून 'म्ऽऽ' करायचो. मी का करतोय ते तिला पुढे कळलं. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "काकांकडे जाऊन सांगून ये आधी." मी काही गायक झालो नाही. कॉलेजच्या फेस्टला दोन गाणी गुरगुरलो, घसा शाबूत राहिला, तेवढ्यावर समाधान. आईच्या गाठी कमी झाल्या, पण पूर्वी ती भजनी मंडळात वरची पट्टी धरायची, ती काही परत आली नाही.

डेथकोअरचंही मधे असंच झालं. २०१० नंतर त्याचा भर ओसरला, बरेच बँड दुसरीकडे वळले. मग २०२१ ला 'लोर्ना शोर' ह्या न्यू जर्सीच्या बँडचं 'टू द हेलफायर' आलं आणि नवा गायक विल रामोस ह्याच्या आवाजावर अख्खं महाजाल लोटलं. डुकराची किंकाळी, गटरल, चेटक्यासारखं किरटं हसू, सगळं एका गाण्यात. ऐकणाऱ्यांना खरं वाटेना. मग एलिझाबेथ झारॉफ ह्या ऑपेरा गायिकेने पुढाकार घेतला आणि यूटा विद्यापीठात त्याच्या नाकातून कॅमेरा घालून घशाचं चित्रण झालं. ते तूनळीवर आहे. त्यात खोट्या घड्या आणि आजूबाजूचा सगळा भाग वादळात सापडल्यासारखा हलताना दिसतो. गार्सियाच्या आरशाचा हा पणतू म्हणायचा!

गेल्या रविवारी हे आईला दाखवलं. ती आता निवृत्त आहे. चष्मा लावून शांतपणे सगळं बघितलं. आवाज बंद करायला सांगेल असं वाटलं होतं, तसं काही नाही. व्हिडिओ संपल्यावर तिने विचारलं, "ह्याला हे शिकवलं कुणी?"

म्हटलं, आधीच्या लोकांचं ऐकून ऐकून शिकतात, आता क्लासही असतात.

"आम्हाला डी.एड.ला फळ्यावर अक्षर कसं काढायचं ते शिकवलं," ती म्हणाली. "तिरपं जाऊ नये म्हणून रोज रेघा मारून घ्यायचे. आवाज कसा काढायचा ते कुणी नाही सांगितलं."

मग ती उठून चहा टाकायला गेली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीस-बावीस वर्षांची पोरं गंमत म्हणून ओरडतात, त्यांच्यासाठी तंत्र आहे, मास्तर आहे, कॅमेरा आहे. ज्यांची रोजची भाकरी घशावर, त्यांच्यासाठी 'जरा मोठ्याने बोला बाई' एवढंच. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट इथे संपायचं म्हणून हे नाव. घशालाही अशी एक शीव असते, आणि ती कुठे आहे हे ज्याला आधी सांगितलेलं असतं तो रोज तिथवर जाऊन सुखरूप परत येतो.

असो. चहा गार झाला.

ता.क. तुमच्या घरात कुणी शिक्षक असेल आणि आवाज दोन-तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर हळद-दूध पुरे, एकदा घसा दाखवून घ्या. आणि डेथकोअर काढायचाच असेल तर बाथरूममधला टॉवेलवाला प्रयोग करू नका. आधी शिका. काकांनाही सांगून ठेवा.